पीपीपीडीची फाइल: हुकूम नव्हे, बोलणी

ब्रॉडबँड राउटरच्या सेटिंगमध्ये एक पान असतं. वर 'पीपीपीओई' असं काहीतरी लिहिलेलं, खाली युजरनेम, पासवर्ड, 'एमटीयू'च्या चौकटीत १४९२ हा आकडा आणि 'कीप अलाइव्ह' नावाची टिक करायची जागा. हे पान उघडायची वेळ सहसा लाइन बंद पडल्यावरच येते. मग आपण जमेल ते दाबून बघतो, राउटर बंद-चालू करतो आणि लाइन आली की ती कशामुळे आली हे न कळताच पान मिटवतो.

लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच राउटरांमध्ये त्या पानामागे पीपीपीडी नावाचा एक जुना प्रोग्रॅम काम करत असतो. त्याच्या मॅन्युअलमध्ये शंभराहून जास्त पर्याय आहेत. साध्या जोडणीला त्यातले आठ-दहा पुरतात, आणि ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे असतात. मी स्वतः कित्येक वर्षं ही फाइल कुठून तरी उचलून चिकटवत आलो. चालली तर चालली, नाहीतर दुसरीकडची चिकटवायची. ती नीट वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मी प्रत्येक ओळ हुकूम समजून वाचत होतो. त्यातल्या महत्त्वाच्या ओळी हुकूम नसतातच. समोरच्या टोकाशी जी बोलणी होणार आहेत, त्यात आपण काय मागणार, काय मान्य करणार आणि कशाला ठाम नाही म्हणणार, ते त्या सांगतात.

(पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि बहुतेक वेळा एका ओळीला एक अशी असतात.)

दोनच टोकं

पीपीपी म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल, दोन टोकांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम. वायफायवर दहा उपकरणं एकाच हवेत बोलतात, म्हणून प्रत्येक पाकिटावर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, कोणाकडून कोणाला ते लिहावं लागतं. पीपीपीत तो प्रश्नच नाही. नळीच्या या तोंडातून घातलेलं त्या तोंडातूनच बाहेर पडणार. प्रश्न वेगळेच असतात: पलीकडे नक्की कोण आहे, त्याला किती मोठं पाकीट झेपतं आणि आयपी पत्ता कोण कोणाला देणार.

आधी स्लिप नावाची पद्धत होती. १९८८ च्या आरएफसी १०५५ मध्ये तिचं वर्णन आहे. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम-रिवाज नोंदवणारी क्रमांकित कागदपत्रं.) तिच्यात बोलणी नव्हतीच. दोन्हीकडचे पत्ते हातानं भरायचे आणि वाटेत काही बिघडलं का हे तपासायची सोय नाही. पीपीपीनं ही उणीव भरून काढली. त्याचं आज वापरात असलेलं मूळ मानक आरएफसी १६६१, जुलै १९९४ चं. तेव्हा समोर होता फोनचा मोडेम. पुढे १९९९ मध्ये आरएफसी २५१६ आलं आणि तेच संभाषण इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या जाळ्याच्या, पाकिटात घालून पाठवायची रीत ठरली. तीच पीपीपीओई.

पीपीपीडीतला शेवटचा 'डी' डीमनचा. पडद्यामागे गुपचूप चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमला डीमन म्हणतात. पॉल मॅकेरस यांनी तो अनेक वर्षं सांभाळला.

आधी पकड, मग उचल

दोघांनी मिळून कपाट जिन्यावरून न्यायचं असेल तर आधी बोलणं होतं. "खालून धरू?" "नको, तिथे काच आहे, बाजूनं धर." "एका दमात नेऊ या?" "नाही जमणार." पकड ठरल्याशिवाय कोणी उचलत नाही. पीपीपीडी हेच तीन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत दुव्याच्या अटी ठरतात, तिचं नाव एलसीपी. दुसरीत ओळख पटवली जाते. तिसरीत आयपी पत्ते ठरतात, ती आयपीसीपी. आधीची फेरी पार पडल्याशिवाय पुढची सुरू होत नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत प्रत्येक मागणीला तीनपैकी एक उत्तर येतं. 'अ‍ॅक' म्हणजे मान्य. 'नॅक' म्हणजे विषय मान्य, आकडा नाही. माझा आकडा घे. 'रिजेक्ट' म्हणजे हा विषयच काढू नकोस.

नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, 'नॅक' दिसला की लोक घाबरतात. मीही घाबरायचो. पण तुम्हाला आयपी पत्ता मिळतो तो या 'नॅक'मधूनच. तिसऱ्या फेरीत आपलं मशीन म्हणतं, "माझा पत्ता ०.०.०.० धरावा." पलीकडून 'नॅक' येतो, "हा चालणार नाही, अमुक घे." आपलं मशीन तो अमुक पत्ता घालून मागणी पुन्हा पाठवतं, मग 'अ‍ॅक' येतो. नोंदवहीत या चार ओळी एकाखाली एक दिसल्या की समजावं, सगळं सुरळीत चाललंय.

कोणाच्या शब्दाला वजन

पीपीपीडी आधी लिनक्सच्या सेटिंगच्या 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'पीपीपी' फोल्डरातली 'ऑप्शन्स' नावाची सामाईक फाइल वाचतो, मग वापरकर्त्याची स्वतःची, मग त्या विशिष्ट पोर्टसाठी ठेवलेली, आणि शेवटी कमांडच्या ओळीत दिलेले पर्याय. एका जोडणीचे पर्याय एकत्र ठेवायला 'पीअर्स' नावाचं उपफोल्डर आहे. त्यातली फाइल 'कॉल' हा पर्याय आणि तिचं नाव देऊन बोलावता येते.

नंतर आलेलं आधीच्यावर चढतं, हा साधा नियम. पण त्याला अपवाद आहे: प्रशासकाच्या फाइलमध्ये ठरवलेली गोष्ट साध्या वापरकर्त्याला उलटवता येत नाही. आपण घातलेली ओळ चालतच नाही असं वाटलं, तर 'ड्रायरन' हा पर्याय लावून पीपीपीडी चालवा. तो जोडणी न करता लागू असलेले सगळे पर्याय छापून थांबतो आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या फाइलमधून आला तेही लिहितो. तासाभराचं डोकं खाणं वाचतं.

एक छोटी फाइल, ओळीनं

पीपीपीओईची कामचलाऊ फाइल एवढीच असते: पीपीपीओईचं प्लगइन आणि इथरनेट कार्डाचं नाव, 'युजर' आणि त्यापुढे नाव, 'नोऑथ', 'नोआयपीडिफॉल्ट', 'डिफॉल्टराउट', 'यूजपीअरडीएनएस', 'पर्सिस्ट' आणि 'एलसीपी-एको'च्या दोन ओळी.

'नोआयपीडिफॉल्ट' म्हणजे माझ्याकडे पत्ता नाही, तूच दे. वर आलेला ०.०.०.० तो हाच. ही ओळ नसेल तर पीपीपीडी मशीनच्या नावावरून पत्ता शोधून तोच पुढे करतो, आणि बोलणी उगाच लांबतात.

'डिफॉल्टराउट' म्हणजे बाहेर जाणारी सगळी वाहतूक याच दुव्यानं जाऊ दे. इथे एक खड्डा आहे. मशीनवर आधीच बाहेरचा दुसरा रस्ता असेल, समजा वायफायचा, तर पीपीपीडी तो मोडत नाही. जुना रस्ता बदलत नाही अशी एक ओळ नोंदवून गप्प बसतो. दुवा जोडलेला दिसतो, पत्ता मिळालेला दिसतो, आणि वाहतूक जाते मात्र भलतीकडूनच. जुना रस्ता बाजूला सारायचा असेल तर 'रिप्लेसडिफॉल्टराउट' वेगळं लिहावं लागतं, तेही तुमच्या आवृत्तीत असेल तर.

'यूजपीअरडीएनएस' पलीकडून दोन डीएनएस सर्व्हरांचे पत्ते मागून घेतो. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. मिळालेले पत्ते पीपीपीडी स्वतःच्या फोल्डरातल्या एका फाइलमध्ये लिहितो आणि 'आयपी-अप' या स्क्रिप्टच्या हाती देतो. मशीनची मुख्य डीएनएस फाइल तो स्वतः बदलत नाही. ते काम त्या स्क्रिप्टचं. म्हणून आकडी पत्ता टाकला की पोहोचतंय आणि नाव टाकलं की नाही, अशी तक्रार असेल तर आधी ही स्क्रिप्ट बघा.

'नोऑथ' लिहिलं तर पासवर्डशिवाय जोडणी होईल का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज या एका शब्दाबद्दल आहे.

तुम्ही एखाद्या इमारतीत जाता, दारावरचा पहारेकरी तुमचं ओळखपत्र मागतो. तुम्हीही उलट त्याचं मागू शकता. 'ऑथ' म्हणजे ही उलट मागणी: समोरच्यानं माझ्यापुढे ओळख पटवावी. 'नोऑथ' म्हणजे मी त्याचं ओळखपत्र मागणार नाही. तो तुमचं मागणारच, आणि ते तुम्हाला दाखवावंच लागणार. इंटरनेट पुरवणारा सर्व्हर ग्राहकापुढे स्वतःची ओळख सहसा पटवत नाही, म्हणून घरच्या फाइलमध्ये 'नोऑथ' लागतोच.

मग ही ओळ नसताना काही मशीनांवर तीच फाइल चालते कशी? तर मशीनवर आधीपासून बाहेरचा रस्ता असला की पीपीपीडी 'ऑथ' आपोआप गृहीत धरतो. आधीच जाळ्यात असलेल्या मशीनवर कोणी ऐरागैरा येऊन चिकटू नये, ही त्यामागची काळजी. म्हणून तीच फाइल वायफाय बंद असताना चालते आणि वायफाय चालू केलं की अडते. समोरच्यानं ओळख पटवायला हवी, पण त्याच्यासाठी योग्य पासवर्ड सापडला नाही, अशा अर्थाचा लांबलचक संदेश येतो. 'पासवर्ड' हा शब्द दिसताच आपण आपला पासवर्ड तपासत बसतो. घोडं पेंड खातं दुसरीकडेच.

'रिक्वायर-चॅप' आणि 'रिफ्यूज-पॅप' यांच्यातही दिशेचाच घोळ होतो. पॅप आणि चॅप या ओळख पटवण्याच्या दोन पद्धती. पॅपमध्ये पासवर्ड जसाच्या तसा दुव्यावरून जातो. चॅपमध्ये समोरचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो, आपण तो आणि पासवर्ड एकत्र घुसळून आलेलं उत्तर परत पाठवतो. पासवर्ड स्वतः बाहेर पडत नाही. आता मी चॅपच वापरणार असं म्हणायचं म्हणून लोक 'रिक्वायर-चॅप' लिहितात. त्याचा खरा अर्थ समोरच्यानं माझ्यापुढे चॅपनं ओळख पटवावी असा होतो, म्हणजे पुन्हा पहारेकऱ्याचंच ओळखपत्र. आपल्याला हवा असतो 'रिफ्यूज-पॅप': मी पासवर्ड उघडा सांगणार नाही, दुसरी पद्धत काढ.

'रिक्वायर' समोरच्यावरची अट, 'रिफ्यूज' स्वतःपुरता नकार. एवढं ध्यानात धरलं की या घराण्यातले बाकीचे पर्याय आपोआप वाचता येतात.

पासवर्ड ठेवायचा कुठे?

'पॅप-सीक्रेट्स' आणि 'चॅप-सीक्रेट्स' या दोन फाइलींत. ओळीत क्रमानं येतात ओळख पटवणाऱ्याचं नाव, ओळख मागणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. दुसऱ्या रकान्यात तारांकन घातलं की कोणीही चालतं. पासवर्डमध्ये रिकामी जागा किंवा हॅशचं चिन्ह असेल तर तो दुहेरी अवतरणांत घाला, कारण हॅशपासून पुढचं पीपीपीडी शेरा समजून सोडून देतो. फाइल प्रशासकाशिवाय कोणाला वाचता येऊ नये. पासवर्ड थेट कमांडच्या ओळीत लिहू नका. त्याच मशीनवर काम करणाऱ्या इतरांना तो चालू प्रोग्रॅमांच्या यादीत दिसू शकतो.

१५०० का नाही, १४९२ का?

इथे जरा थांबू, कारण यानं मला दोन संध्याकाळी छळलंय. राउटरवर हिरवा दिवा, गप्पांचे संदेश येतायत-जातायत, शोधयंत्र उघडतंय. पण काही साइट अर्ध्या उघडून लटकायच्या, आणि ईमेलला मोठी फाइल जोडली की पट्टी तिथेच अडकायची. वेग मोजला तर तो ठणठणीत. पुरवठादाराच्या मदत केंद्रानं तीनदा राउटर बंद-चालू करायला सांगितलं.

एमटीयू म्हणजे एका पाकिटाचं कमाल माप. इथरनेटचं पाकीट आत १५०० बाइट घेतं. पीपीपीओईत आपलं पाकीट त्या पाकिटाच्या आत घालावं लागतं आणि आतल्या वेष्टनाला जागा लागते: पीपीपीओईचे ६ बाइट आणि पीपीपीचे २. उरले १४९२. ठरावीक मापाच्या खोक्यात वस्तू फुगेवाल्या कागदात गुंडाळून घालायची, तर वस्तू थोडी लहानच हवी.

फाइलमध्ये दोन शब्द दिसतील. 'एमआरयू' म्हणजे मला एवढं घेता येतं, समोरच्यानं याहून मोठं पाठवू नये. 'एमटीयू' म्हणजे मी याहून मोठं पाठवणार नाही, आणि समोरच्यानं त्याहून लहान माप सांगितलं तर ते पाळेन.

माझ्याकडे दोन्ही १४९२ होते. तरीही साइट लटकत होत्या. कारण बोलणी झाली होती राउटर आणि पुरवठादार यांच्यात. राउटरमागच्या लॅपटॉपला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचं वायफाय अजून १५०० धरून बसलेलं. लॅपटॉप दूरच्या सर्व्हरला सांगायचा, "मला भरगच्च पाकिटं पाठव." सर्व्हर १५०० चं पाकीट 'तोडू नये' असा शेरा मारून पाठवायचा. पुरवठादाराच्या टोकाशी ते मावायचं नाही. अशा वेळी "मोठं आहे, लहान करून पाठव" असा निरोप सर्व्हरकडे परत जायला हवा, पण सुरक्षेच्या नावाखाली वाटेत असे निरोप सरसकट अडवणारे पुष्कळ असतात. सर्व्हर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा आणि लॅपटॉप वाट बघत राहायचा. मी जोडलेल्या फाइलची तऱ्हा तीच, फक्त उलट्या दिशेनं: माझ्याच राउटरनं लॅपटॉपला द्यायचा निरोप फायरवॉलच्या माझ्याच एका अतिउत्साही नियमानं गिळला होता. छोटे संदेश लहान पाकिटांत मावतात, म्हणून ते सुखरूप.

यावर पीपीपीडीच्या फाइलमध्ये इलाज नाही, हे कळायला मला दुसरी संध्याकाळ लागली. इलाज राउटरच्या फायरवॉलमध्ये आहे. 'एमएसएस क्लॅम्पिंग' नावाचा नियम लावला की आतलं उपकरण जोडणी सुरू करतानाच राउटर दोन्ही बाजूंची 'एवढं मोठं पाकीट पाठव' ही मागणी दुरुस्त करतो. १४९२ मधून आयपी आणि टीसीपीच्या वेष्टनांचे ४० वजा करून १४५२. नियम लावला, आणि लटकलेलं पान त्याच क्षणी उघडलं. बहुतेक तयार राउटर हे आधीच करून ठेवतात. स्वतः लिनक्सचं मशीन राउटर म्हणून उभं करणारे मात्र इथे हमखास अडखळतात.

पलीकडचा जागा आहे का?

फोनवर बराच वेळ समोरून हूं की चूं नाही झालं की आपण "ऐकतोयस ना?" विचारतो. 'एलसीपी-एको-इंटरव्हल' म्हणजे हे दर किती सेकंदांनी विचारायचं, आणि 'एलसीपी-एको-फेल्युअर' म्हणजे किती वेळा उत्तर आलं नाही की फोन ठेवायचा. २० आणि ३ घातलं तर मेलेला दुवा साधारण मिनिटभरात लक्षात येतो. पहिली ओळ नसेल तर दुसरीला काही अर्थ नाही. दोन्ही नसतील तर पुरवठादाराचा सर्व्हर मधेच बसला तरी आपलं टोक 'जोडलेलं आहे' म्हणत राहू शकतं. राउटरवरचं 'कीप अलाइव्ह' ते हेच. आकडे फार लहान करू नका; जाळं जरा कोंडलं की चालू दुवाही मेलेला ठरवून तोडला जाईल.

दुवा तुटला की 'पर्सिस्ट' तो पुन्हा जोडू पाहतो. दोन प्रयत्नांमधला विसावा 'होल्डऑफ' ठरवतो, न सांगितल्यास ३० सेकंद. पण 'पर्सिस्ट' नावावरून वाटतो तितका चिवट नाही. लागोपाठ १० प्रयत्न फसले की पीपीपीडी नाद सोडून बंद होतो, कारण 'मॅक्सफेल'चा ठरलेला आकडा १० आहे. रात्री मोडेमची वीज गेली, पहाटे आली, तोवर डीमननं गाशा गुंडाळलेला. सकाळी सगळे दिवे हिरवे आणि इंटरनेट नाही. 'मॅक्सफेल' ० ठेवलं की तो कधीच हार मानत नाही.

लोक चिकटवतात ती तीस ओळींची फाइल मग कशासाठी?

बहुतांशी इतिहासासाठी. इकडून तिकडे फिरणाऱ्या फाइलींत 'सीआरटीएससीटीएस', 'असिंकमॅप', 'लॉक' सापडतात. ते सिरियल केबलवरच्या मोडेमचे. इथरनेटवर त्यांना काम नाही, फक्त वाचणाऱ्याला बिचकवतात. 'नोव्हीजे' बंद करतो ती पाकिटाचं डोकं, म्हणजे पत्ते वगैरे असलेला पुढचा भाग, लहान करायची युक्ती, व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये मांडलेली. संथ मोडेमवर ४० बाइटांचं डोकं मोजक्या बाइटांत बसवणं मोलाचं होतं, आता तो हिशेब कोणी करत नाही. 'नोसीसीपी' माहिती दाबून लहान करण्याबद्दलची बोलणीच टाळतो. नोंदवहीत त्या विषयावर नुसती वादावादी दिसत असेल तर लावा, एरवी फरक पडत नाही.

माझी पद्धत सांगतो. मोजक्या ओळींनी सुरुवात करायची आणि नोंदवहीत कारण दिसल्याशिवाय एकही ओळ वाढवायची नाही.

एवढं जुनं सॉफ्टवेअर सुरक्षित असतं का?

रास्त शंका. २०२० मध्ये पीपीपीडीत एक गंभीर भोक सापडलं, सुरक्षेतल्या भोकांच्या जाहीर यादीत त्याची नोंद सीव्हीई-२०२०-८५९७. ईएपी या ओळख-पद्धतीची पाकिटं हाताळताना लांबीची तपासणी चुकली होती, त्यामुळे दुव्याच्या पलीकडून कोणालाही या मशीनवर स्वतःचा कोड चालवणं शक्य होतं. आवृत्ती २.४.२ ते २.४.८ मध्ये ते होतं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यातली बोचणारी गोष्ट अशी, की ईएपी वापरत नाही म्हणून आपण सुटलो, असं म्हणायची सोय नव्हती. पद्धत ठरलेली नसतानाही चुकीचं पाकीट त्या कोडपर्यंत पोहोचू शकत होतं. पर्याय बोलणी ठरवतात. कोडमधलं भोक बुजवत नाहीत. त्यासाठी आवृत्तीच बदलावी लागते, आणि राउटरच्या बाबतीत ती बनवणाऱ्यानं नवं फर्मवेअर दिलं तरच.

बोलणी फिसकटली कुठे, हे कसं कळणार?

'डीबग' आणि 'नोडिटॅच' या दोन ओळी तात्पुरत्या घाला. पीपीपीडी पडद्यामागे न जाता समोरच बोलू लागतो आणि प्रत्येक पाकीट, पाठवलेलं आणि आलेलं, ओळीओळीनं दिसतं. ही नोंद कोणाला पाठवताना पॅपचा पासवर्ड आपोआप लपवलेला असतो, पण युजरनेम उघडंच राहतं, ते खोडा.

थांबताना पीपीपीडी एक आकडाही मागे ठेवतो. १९ म्हणजे समोरच्यानं आपली ओळख नाकारली: युजरनेम, पासवर्ड, किंवा खातंच बंद. ११ म्हणजे उलटं, आपण ओळख मागितली आणि समोरच्यानं ती पटवली नाही. 'नोऑथ' राहिला का बघा. १० म्हणजे अटींवर एकमत झालं नाही. १५ म्हणजे "ऐकतोयस ना?"ला उत्तर आलं नाही.

आणि पीपीपीओईत यातलं काहीच न दिसता नुसतं 'पाडो'ची वाट बघून थकलो अशी ओळ आली, तर बोलणी सुरूच झालेली नाहीत. 'पाडो' म्हणजे "कोणी आहे का?" या आपल्या पहिल्या हाकेला येणारं "मी आहे". ते आलेलं नाही, म्हणजे केबल, मोडेम, चुकीचं इथरनेट कार्ड किंवा व्हीलॅनचा (एकाच केबलवरच्या वेगळ्या जाळ्याचा) क्रमांक. अशा वेळी पासवर्ड बदलून बघू नका. तो अजून कोणी मागितलेलाच नाही.